राईत पुढे कोण

शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, भावाच्या फ्लॅटचा वाटतो, हे लोक निदान चारचौघांत हसत हसत कबूल करतात. बायकोचा हेवा वाटतो असं म्हणणारा नवरा मला अजून भेटलेला नाही. मग मीच म्हणतो. मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो, गेली दोन-अडीच वर्षं वाटतोय, आणि त्याला कारण एक डोंगर आहे.

हा डोंगर गिरणाऱ्याच्या पुढे, हरसूलकडे जाताना आत वळलं की लागतो. त्याला किल्ला नाही, धबधबा नाही. त्यामुळे रविवारी आमच्या गंगापूर रोडवरून निघणारी मोटारसायकलींची फौज त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पायथ्याशी पंचवीस-तीस घरांचा पाडा, भोवती भाताची खाचरं, वरच्या उतारावर नागली म्हणजे नाचणी, आणि त्याच्या वर जंगल. साग, ऐन, मोह, हिरडा, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या. नोकरीत असतानाच एका रविवारी स्कूटर बंद पडली म्हणून मी तिथे थांबलो आणि मग जातच राहिलो.

माझी सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनी मी टेबलावर बसून कागदावर उतरवल्या. तेव्हा हा एक डोंगर तरी आपल्या पायांनी मोजायचा आणि आपल्या हातांनी काढायचा, असं मनाने घेतलं. अकरा वर्षं लागली. एकेक नाला, एकेक पायवाट, उन्हाळ्यात पाणी राहतं ते डबकं, मोठे मोह तर मोजून खुणा केलेले. सगळा कागद भरला. फक्त माथ्यावर तळहाताएवढी जागा कोरी राहिली. ती देवाची राई.

राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही, वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलून आणत नाही. चपला खालीच काढायच्या. आणि बाहेरच्या माणसाने आत जायचं नाही, हे तर पहिल्याच वर्षी मला नीट समजावून सांगितलेलं. पाड्यातले लोकही, पूजेचं एक घर सोडलं तर, वर्षातून एकदाच, सगळे मिळून जातात. मी खालच्या वाटेवर उभा राहून तो काळपट हिरवा झाडोरा बघायचो. आत काय असेल या विचाराने मला कधीकधी झोप लागायची नाही. हसा खुशाल.

त्या राईची पूजा पाड्यातल्या ज्या घराकडे आहे, तिथली म्हातारी माझ्या ओळखीची. तिचं घर सगळ्यात शेवटचं, डोंगराची वाट तिच्या अंगणातूनच वर जाते. मुलगा-सून दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जायचे. मग ही घर, दोन बैल आणि कोंबड्या सांभाळत एकटीच असायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला सायेब म्हणायची. जाताना चहापत्ती, साखर, कधी डोकेदुखीच्या गोळ्या न्यायचो. ती बिनदुधाचा चहा द्यायची. दर खेपेला मी विचारायचो, मावशी, वर राईत आहे तरी काय? दर खेपेला ती म्हणायची, ‘काय नाय सायेब, दगड हायत.’

अकरा वर्षं मी ते दगड ऐकत होतो.

मग बायको शाळेतून निवृत्त झाली. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं, तर ही जॉगिंग ट्रॅकवर दोन दिवस जाऊन कंटाळली आणि म्हणाली, तुमच्या डोंगराला येते. तुमच्या डोंगराला म्हणाली, ते ऐकून मला बरंच वाटलं होतं. थंडीचे दिवस होते. मी तिला रुबाबात सगळं दाखवलं. हा ऐन, हा हिरडा, याचं शास्त्रीय नाव अमुक. ती हूं हूं करत होती. उतरताना तिचे गुडघे दुखायला लागले म्हणून म्हातारीच्या ओट्यावर बसली. मी म्हटलं बस, मी नाल्याकडून एक फेरी मारून येतो. तासाभराने परत येऊन बघतो तर काय, ही चुलीपुढे, पदर खोचलेला, हातावर नागलीची भाकरी थापतेय आणि ती मोडली म्हणून दोघी पोट धरून हसतायत. अकरा वर्षांत मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कोणी अडवलं नव्हतं, पण कोणी या आत असंही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बायको तिला ताई म्हणायला लागली होती. तिसऱ्या खेपेला म्हातारी हिला ‘माझी बहीण’ म्हणून शेजारणीला दाखवत होती. मी आपला अंगणात, सायेब.

परतताना स्कूटरवर बायको सहज बोलून जायची. त्या पिवळ्या फुलाच्या वेलीचा पाला बाळंतिणीला देतात. अमुक नाल्याच्या कडेला वाघबारशीला वाघाच्या नावाने दिवा ठेवतात. मी ‘हो, माहितीय’ म्हणायचो. काय डोंबलाचं माहिती होतं. मी त्या वेलीची लांबी मोजली होती, तिचा पाला कोण खातं ते कधी विचारलं नव्हतं. आणि एकदा गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटो निवडता निवडता ती म्हणाली, ‘वर राईत पाण्याचं कुंड आहे म्हणे. उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. आणि एका आंब्याचं खोड इतकं जाड आहे, की पाच बायका हात धरून उभ्या राहिल्या तरी पुरत नाहीत.’

माझ्या हातातला टोमॅटो मी परत ढिगावर ठेवला. कुंड. म्हणजे माथ्यावर पाणी. माझ्या नकाशावर सगळे नाले कुठून येतात त्याचं उत्तर त्या एका कुंडात होतं. ते मला नाही, हिला सांगितलं होतं, तेही भाकरी थापता थापता. तळपायाची आग मस्तकात गेली. तुला कोणी सांगितलं, असं मी उगाचच विचारलं. ताईंनी, ती म्हणाली. तुम्हाला नाही का सांगितलं?

त्यानंतर मी जे वागलो ते आता लिहितानाही लाज वाटते, पण वागलो. पुढच्या रविवारी पहाटे उठून स्कूटरच्या चाकातली हवा सोडली आणि हिला सांगितलं, पंक्चर आहे, आज जाणं होत नाही. ती बरं म्हणून भाजी चिरायला बसली. मग मी, जरा पंक्चरवाल्याकडे जाऊन येतो असं सांगून, चाकात हवा भरून घेतली आणि थेट डोंगर गाठला. एकटा. पूर्वीसारखा. अंगणात पाऊल ठेवलं तर म्हातारी माझ्या मागे वाटेकडे बघतेय. म्हणाली, माझी बहीण नाय आली? मी म्हटलं, तिला ताप आहे.

झालं. म्हातारी तशीच उठली, कुठून तरी साली आणि मुळ्या घेऊन आली, फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. उकळून कसं द्यायचं ते तीनदा सांगितलं. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. त्या दिवशी माझं जंगलात लक्ष लागलं नाही. घरी आल्यावर उशिराचं खापर पंक्चरवाल्यावर फोडलं आणि ते गाठोडं स्कूटरच्या डिकीत दडवलं, तर हिने पिशवी शोधताना बरोबर काढलं. काय आहे हे? मी म्हटलं, ताकदीचं काहीतरी. पंधरा दिवसांनी दोघं गेलो. म्हातारीने हिचे दोन्ही हात धरून विचारलं, ताप उतरला का गं? बायकोने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, उतरला ताई, एका दिवसात उतरला. 

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. बायकोला म्हातारीशी तिच्या मुलाच्या फोनवर बोलायची सवय लागली होती, रोज काही ना काही. मी एका शनिवारी एकटाच गेलो. हिला सिन्नरला बहिणीकडे जायची तयारी करायची होती. म्हातारी शेतावर होती. उतारावर सगळीकडे कवळी उगवून आलेली. कवळी म्हणजे बाजारात जिला फोडशी म्हणतात ती, गवतासारखी लांब पात्यांची रानभाजी. इतकी कोवळी, इतकी हिरवी, की बघून तोंडाला पाणी सुटलं. पण खरं सांगायचं तर तोंडाच्या पाण्याने मी वाकलो नाही. माझ्या डोक्यात आलं ते असं, की या वर्षीची पहिली रानभाजी घरात मी नेणार. ताईंनी दिली म्हणून नाही. मी शोधली म्हणून. दोन जुड्या होतील एवढी खुडली.

घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्यावर भाजी ठेवली तर बायकोचा चेहरा पडला. म्हणाली, ‘अहो, ही का आणलीत? अजून राईत पूजा व्हायचीय. आधी देवाला दाखवायची, मगच खायची. ताई म्हणत होत्या, त्याच्या आधी ज्या घरात शिजते त्या घरातलं कोणीच त्या वर्षी राईत जायचं नाही.’

मला कवळी माहीत होती. तिची फुलं पांढरी असतात, मुळाशी गाठी असतात, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. हा नियम मात्र मला माहीत नव्हता. अकरा पावसाळ्यांत कोणी सांगितला नव्हता, मी विचारलाही नव्हता. आणि तो मला माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोकडून कळत होता. मी म्हटलं, आपण काय त्या पाड्यातले आहोत का? ती म्हणाली, नसलो तरी. झाडाखाली मातीत घाला ती, मी काही शिजवणार नाही. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सिन्नरच्या एसटीत बसवून दिलं. घरी आलो. जुड्या फ्रीजमध्ये तशाच होत्या, कागदात गुंडाळलेल्या. मी त्या काढल्या, धुतल्या, मधले कडक दांडे काढले, कांदा चिरला, मूगडाळ भिजवली, आणि गॅसवर भाजी केली. मीठ कमी पडलं. कालच्या दोन पोळ्यांबरोबर सगळी खाल्ली, कढई पुसून खाल्ली. चवीला काही विशेष नव्हती, पण प्रत्येक घासाला वाटत होतं, घ्या, तुमचा नियम गेला चुलीत. कोणाला म्हणत होतो कोण जाणे. दुपारी तिचा फोन आला, भाजी मातीत घातलीत ना? मी म्हटलं, घातली. कढई मी आधीच घासून ठेवली होती.

चारच दिवसांनी म्हातारीच्या मुलाचा फोन आला. मी उचलला. म्हणाला, रविवारी पूजा आहे, आई म्हणते तिच्या बहिणीला घेऊन या. तुम्हाला दोघांना वर न्यायचं ठरलंय.

मी फोन कानाला लावून खुर्चीत बसलो. वर न्यायचं. राईत. त्या कोऱ्या जागेत. त्याला दोनदा विचारलं, दोघांना ना? दुसऱ्याच क्षणी कढई आठवली. मग मी स्वतःची समजूत घातली. कोणाला कळणार? घरात मी एकटा होतो. भाजी पोटात गेली, पोटातूनही गेली. देवाला कळलं तर तो आणि मी बघून घेऊ. रविवारपर्यंत मी इतका खुशीत होतो की बायकोशीसुद्धा गोड वागलो. तिने नवी सुती साडी काढली, मी पेन्सिली तासल्या.

पूजेच्या दिवशी पाऊस थांबून थांबून पडत होता. सगळा पाडा राईच्या खाली मोठ्या उंबराजवळ जमला होता. चपलांचा ढीग, पोरं, ढोल, पळसाच्या पानांच्या पत्रावळी. आमच्या चपला आम्ही काढल्या. चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर येत होता आणि मी, बासष्ट वर्षांचा माणूस, पोरासारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. पन्नास पावलांवर राई. आतला अंधार दिसत होता.

म्हातारीने कवळीने भरलेली पत्रावळ हातात घेतली. ही पत्रावळ घेऊन जो पुढे चालतो त्याच्या मागून सगळे जातात, हे मला तिथेच कळलं. ती गर्दीतून सरळ आमच्याकडे आली. मी हात पुढे केले. होय, केले. अकरा वर्षांचा माझा हक्क होता असं मला वाटत होतं. तिने पत्रावळ माझ्या हातांवरून पलीकडे नेली आणि बायकोच्या हातात दिली. म्हणाली, बहिणी, यंदा तू पुढं चाल. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, ‘सायेब, तुमी सगळ्यांच्या मागून या. आन् या पिशव्या धरा.’

चार पिशव्या. एकीत नारळ होते, एकीत कोणाच्या तरी पोराचं दुपटं. बायको गोंधळली होती, पण तिचा चेहरा असा उजळला होता, की तसा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. मी पिशव्या धरून उभा राहिलो. आत जायला मिळत होतं, हे डोक्यात होतं. शेवटून का होईना, मिळत होतं. पण ही माझ्या आधी बघणार. कुंडही ही आधी बघणार, आंबाही. आणि मी पोचेन तेव्हा ही मला सांगेल, हे बघा, इथे कुंड. माझ्या डोंगरावर.

म्हातारी मग उंबराशी उभी राहून एकेका घराला विचारायला लागली. घरात कवळी शिजली का? नाय. शिजली का? नाय. नुसता रिवाज, उत्तर सगळ्यांचं ठरलेलं. आमची पाळी आली. तिने बायकोला विचारलं. बायको म्हणाली, नाही ताई, माझ्या घरात नाही. किती ठामपणे म्हणाली. मग म्हातारीने हसत माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, ‘शिजली. ही सिन्नरला गेली होती. मी केली, आमच्या गॅसवर, आणि मी खाल्ली.’

ढोल थांबला. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही, हातातल्या पत्रावळीकडे पाहिलं. मग तिने ती म्हातारीला परत दिली. म्हातारीने आपल्या सुनेला दिली. कोणी काही वाकडं बोललं नाही. उलट एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, खरं बोललात, बरं झालं. म्हातारीचे डोळे ओले होते. शहरातला माणूस असं तोंडावर सांगत नाय, ती म्हणाली. आमचं चुकलं असतं, देवानं राखलं.

मग ढोल परत वाजला, आणि सगळा पाडा आमच्या डोळ्यांदेखत राईत शिरला. आम्ही दोघं उंबराखाली. आता खरं लिहितो. पहिली पाच मिनिटं मला बरं वाटलं. मला मिळालं नाही तर तिलाही मिळालं नाही, याचं समाधान मला वाटलं, अगदी थंडगार. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. नव्या साडीचा काठ चिखलात भिजत होता आणि ती तो उचलत नव्हती. मग हळूहळू ते समाधान उतरलं आणि खाली काहीच उरलं नाही.

परतताना गिरणाऱ्याचा बाजार मागे पडला. मग ती मागच्या सीटवरून, माझ्या कानाशी, हलक्या आवाजात म्हणाली, ‘मला ताप नसताना तुम्ही ताप आणलात, तेव्हा जीभ अडखळली नाही. भाजी मातीत घातली म्हणालात, तेव्हा नाही. आज नुसतं नाही म्हणायचं होतं, तर एकदम खरं आठवलं. मी पुढे चालणार होते म्हणून बोललात तुम्ही.’

मी स्कूटर चालवत राहिलो. नाही म्हणालो असतो, पण त्या दिवशी माझं खोटं बोलून संपलं होतं.

त्यानंतर ती माझ्याबरोबर डोंगरावर आली नाही. सकाळची हरसूलची एसटी धरून एकटी जायची आणि संध्याकाळच्या एसटीने किंवा जीपने परत यायची. भांडण नव्हतं. डबा करून ठेवायची. मी दुसऱ्या दिवशी जायचो. पाड्यात मात्र माझा भाव वाढला होता. आता मी सायेब नव्हतो, भाऊ होतो. म्हातारीने मला घरात बसवून चहा दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हे बघा, हे खरं बोलणारे.  सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी मी भाकरीची चव घेत गप्प बसायचो. अकरा वर्षांनी आत बोलावलं होतं, कोण उठून बाहेर जाणार?

पुढच्या पावसाळ्यात पूजेच्या दिवशी म्हातारीने पत्रावळ माझ्या हातात दिली. बायको आली होती, पण गुडघ्याचं कारण सांगून उंबराखालीच बसली. तुम्ही जा, म्हणाली. मी गेलो. सगळ्यांच्या पुढे, राईत पहिला. कुंड होतं, कमरेएवढं खोल, पाणी काळं आणि स्थिर. आंबा होता. शेंदूर लावलेले दगड होते. म्हातारी खोटं बोलली नव्हती, दगडही होतेच. माझ्या पत्रावळीतली भाजी पहिली ठेवली गेली. मला इतकं बघायचं होतं, आणि मी सारखा मागे वळून बघत होतो, कोणीतरी यायचं राहिल्यासारखा. खाली आलो तेव्हा बायको एका तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, नका सांगू.

यंदा मे महिन्यात मला ते असह्य झालं. एकटाच गेलो आणि म्हातारीला सगळं सांगितलं. की मी खरं बोललो ते खरेपणाने नाही, जळून बोललो. हिने पुढे जाऊ नये म्हणून बोललो. हिला ताप नव्हता, तेही सांगितलं. म्हातारी सुपात नागली पाखडत होती, ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, ठावं हाय. त्या दिशी तुझं तोंड बघूनच कळलं, पन बोललास ते खरंच व्हतं.  मी म्हटलं, मावशी, कळलं होतं तर गेल्या वर्षी पत्रावळ माझ्या हातात का दिलीत?

‘म्या कुठं दिली?’ ती म्हणाली. ‘तुझ्या बायकोनं द्यायला लावली. म्हनली, ताई, एकदा त्यांना पुढं जाऊ द्या. त्याबिगर मला सुखानं येता यायचं नाय.’

म्हणजे जी एक गोष्ट मी स्वतः मिळवली असं वर्षभर मानत होतो, तीही हिने दिली होती. लहान पोराने रडू थांबवावं म्हणून हातात काहीतरी द्यावं तशी. मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच, की हिचा शब्द त्या घरात एवढा चालतो.

घरी येऊन मी तिला म्हटलं, मी सांगून आलो. कळलं, ती म्हणाली, ताईंचा फोन येऊन गेला. आता पाऊस लागलाय, कवळी उगवलीय, आणि येत्या रविवारी पूजा आहे. पत्रावळ तिच्या हातात असणार. काल रात्री जेवताना मी म्हटलं, मी स्कूटरवरून सोडायला येतो.

‘या की,’ ती म्हणाली. ‘पण वर येऊ नका. एकदा मला तुमच्याशिवाय बघू द्या.’

मी हो म्हणालो. ताबडतोब म्हणालो, चेहरा सरळ ठेवून म्हणालो. आणि कालपासून माझ्या पोटात दुखतंय.